औटकीचा स्वामी

अक्षरा दुपारी साडेबाराला झोपायची आणि मनात आलं तर दोनपर्यंत उठायची नाही. मनात येणं-न येणं सर्वस्वी तिच्याकडे. नऊ महिन्यांच्या त्या बाईसाहेबांच्या मर्जीतून जेवढा वेळ सुटेल तेवढा तिच्या आईचा, तनूचा. वेल्समधल्या कार्डिफला आल्यापासून त्या चोरलेल्या दीड-दीड तासांत तिनं लायब्ररीतली अडीच पुस्तकं वाचली होती, नवऱ्याच्या, साकेतच्या, हॉस्पिटलच्या शर्टांची बटणं लावली होती, आणि एकदा काहीही न करता खिडकीशी बसून समोरच्या धुराड्यावरचा सीगल बघितला होता. तो दिवस सगळ्यांत चांगला गेला होता.

पुण्यात ती भाषांतरं करायची. मोठं काही नाही; शांपूच्या बाटल्यांवरचा मजकूर, बँकेची पत्रकं, प्रेशर कुकरच्या सूचना. ‘शिटी होत नसल्यास घाबरू नये’ हे वाक्य तिचं होतं आणि ते निदान लाखभर घरांत पोचलं असणार. इथे आल्यावर मात्र तिला कोणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. नाही म्हणायला, बाळाला घरी येऊन तपासणाऱ्या हेल्थ व्हिजिटरनं बाळाच्या दुधाच्या वेळा लिहून ठेवायला सांगितल्या होत्या.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, एकाच्या सुमाराला, दारावर हलकी टकटक झाली. कबीर होता. कबीर म्हणजे तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या पुरुषोत्तम आजोबांचा नातू. जन्म इथलाच, वय बत्तीस, एका शाळेत इतिहास शिकवायचा, आणि मराठी बोलताना शब्दांची लिंगं छापा-काटा करून ठरवायचा.

“तनू, तुझ्यासाठी काम आहे,” तो कुजबुजला, कारण बेलवर ‘बाळ झोपलंय’ अशी चिठ्ठी होती. “आजोबाचं फिल्म सापडली.”

त्या सिनेमाबद्दल ऐकलं नाही असं कार्डिफच्या मराठी मंडळात कोणी नव्हतं. पुरुषोत्तम आजोबा १९३९ साली इस्लामपूरहून खाणकामाचं इंजिनियरिंग शिकायला आले, युद्ध लागलं, परतीची बोट राहिली, आणि बेचाळीसच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी एका सिनेमात काम केलं. सिनेमाचं नाव ‘पॅराशूट इन द लीक्स’. लीक ही कांद्याच्या पातीची थोरली बहीण, आणि वेल्श माणसाचा तिच्यावर फार जीव. एक नाझी अधिकारी पॅराशूटनं उतरतो तो थेट एका खेड्यातल्या, प्रदर्शनात पहिल्या आलेल्या लीकच्या वाफ्यात. त्याच्या पोटातलं गुपित काढून घ्यायचं म्हणून अख्खं गाव नाटक करतं, की जर्मनीनं युद्ध जिंकलेलं आहे आणि आम्ही आता तुमचेच. पोस्टमास्तर गव्हर्नर होतो, खाटीक सेनापती होतो, प्रार्थनाघरातली गायकमंडळी जर्मन राष्ट्रगीत म्हणून शेळीवरचं एक गाणं चार सुरांत म्हणतात. आणि दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी टोपी काढून सरळ कॅमेऱ्यात बघतं आणि स्वातंत्र्य, लोकशाही आणि परसात बटाटे लावण्याचं महत्त्व यावर भाषण ठोकतं. युद्धातला सिनेमा तो. प्रेक्षकाला गुदगुल्या करायच्या आणि तो हसत असतानाच त्याच्या हातात काठी द्यायची, असा दुहेरी बेत.

शेवटी शेवटी गावात आलेल्या सर्कशीतला ‘ग्रेट स्वामी’ त्या नाझीवर नजरबंदी करतो. तो स्वामी म्हणजे तेवीस वर्षांचे पुरुषोत्तम आजोबा. स्वामी स्वतःच्या भाषेत गर्जतो, मध्ये मध्ये इंग्रजीत ‘आउट! आउट!’ करतो, आणि नाझी भेदरून मागे मागे सरकत दाराबाहेर जातो. ‘स्वामीच्या आउट-आउटनं थिएटर डोक्यावर घेतलं’ अशी दोन ओळींची बातमी त्या वेळच्या पेपरात आली होती. तिचं कात्रण आजोबांच्या हॉलमध्ये अजून चौकटीत होतं. सिनेमा दोन आठवडे चालला, मग रिळंच गायब झाली. पण गोष्ट राहिली. शेजारच्या वेल्श मंडळींच्या लेखी आजोबांनी हिटलरला घालवलं होतं. आणि लंडनमध्ये शिकणाऱ्या पद्माकर नावाच्या त्यांच्या मित्रानं ते कात्रण वाचून सगळीकडे पत्रं धाडली होती, की तिकडे देशात ‘चले जाव’ चाललं असताना आपल्या पुरुषोत्तमानं इंग्रजांच्या सिनेमात, इंग्रजांच्या पैशानं, इंग्रजांनाच ‘आउट’ म्हटलं. एक आरोळी आणि दोन साम्राज्यं. साठ वर्षं आजोबा त्या आरोळीवर मंडळाच्या प्रत्येक गणपतीत पहिल्या रांगेत बसत आले होते.

आता एका खोऱ्यातलं जुनं प्रार्थनाघर विकायला निघालं, तेव्हा ऑर्गनखालच्या फळीमागे डब्यांत ती रिळं निघाली. त्यांची डीव्हीडी कबीरनं मिळवली होती. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी आर्ट्स सेंटरमध्ये खेळ ठरला. लंडनजवळच्या स्टॅनमोरहून कबीरचे आईबाबा येणार, मंडळ येणार, कबीरच्या शाळेचे लोक येणार. आधी कबीरचं छोटं भाषण, विषय: ‘आउट! आउट! हिटलरविरुद्ध एक मराठी आवाज’. अडलं होतं ते एवढंच, की स्वामीच्या मराठी बोलण्याला इंग्लिश सबटायटल्स हवी होती. चाळीस सेकंद. आजोबांनाच सांग की, असं तनूनं सुचवून पाहिलं. पण आजोबा म्हणे, आपली स्तुती आपल्या तोंडानं भाषांतरित करत नसतात.

“एंडला नाव येईल,” कबीर म्हणाला. “सबटायटल्स बाय तनू.”

यापुढचं काही ऐकायची तनूला गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षरा झोपताच तिनं लॅपटॉप उघडला, हेडफोन लावले. पडद्यावर आधी खरखर, मग सर्कशीचा तंबू, मग स्वामी. डोक्यावर आंघोळीच्या टॉवेलचं पागोटं, कपाळावर तीन पट्टे, डोळे वटारलेले. पाठीमागे कोणीतरी ट्रंपेट कुथवत होतं, त्यामुळे शब्द नीट पोचत नव्हते. ‘आउट, आउट’ मात्र स्वच्छ. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. ‘साथ’ असा एक शब्द सापडला. कबीरही म्हणाला होता, साथ म्हणजे टुगेदर ना? छान. तिनं वहीत लिहिलं: साथ. पाचव्यांदा ऐकताना ‘साडेदहा’ ऐकू आलं. नजरबंदीत साडेदहा कशाला? सहाव्यांदा ‘चौदा’. आणि आठव्यांदा ट्रंपेटवाल्यानं श्वास घ्यायला एक क्षण घेतला, तेवढ्यात तेवीस वर्षांच्या आजोबांचा आवाज घंटेसारखा आला:

“एक औट औट. दोन औट सात. तीन औट साडेदहा. चार औट चौदा.”

तनूनं हेडफोन काढले. सीगलकडे पाहिलं. मग बोटांवर हिशेब केला. साताचे निम्मे साडेतीन. साडेदहाचा तिसरा हिस्सा साडेतीन. चौदाचा पाव, साडेतीन.

तिनं पुण्याला फोन लावला. औट म्हणजे काय हो बाबा, एवढं विचारायचा अवकाश, तिकडे बाबांच्या आवाजातली वीस वर्षं गळून पडली. अगं औट म्हणजे साडेतीन. औटकी, साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. आमच्या अण्णांच्या पिढीला हे सगळं शंभरापर्यंत पाठ असायचं, नाहीतर छड्या. मलाही तीसपर्यंत येते, थांब. आणि त्यांनी सुरुवात केली. फोनकार्ड तेराव्या औटाला संपलं.

म्हणजे साठ वर्षं गाजलेल्या त्या भाषणात ना हिटलर होता, ना इंग्रज. ‘आउट’ तर नव्हतंच. ग्रेट स्वामी त्या नाझीला साडेतीनचा पाढा म्हणून दाखवत होता.

तनूला इतकं हसू फुटलं, की तोंडात पदरासारखी ओढणी कोंबावी लागली. अक्षरा उठली असती. मग हसू ओसरलं आणि चौकटीतलं ते कात्रण तिच्या डोळ्यांपुढे आलं.

गुरुवारी तिनं अक्षराला बग्गीत, म्हणजे इथल्या ढकलगाडीत, बसवलं आणि आजोबांना रोथ पार्कच्या तळ्यावर फिरायला नेलं. आजोबा शहाऐंशीचे, पण चालायला ताठ. वेल्श टोपी, गळ्यात इस्लामपुरी मफलर. बदकांपाशी पोचेपर्यंत तिनं कसं काढावं याचा विचार केला आणि मग सरळच म्हणाली, “आजोबा, सात औट किती हो?”

“साडेचोवीस,” आजोबा म्हणाले. पाऊल न चुकवता. आणि मग त्यांचं पाऊल चुकलं.

ते बाकावर बसले. टक लावून बदकांकडे बघू लागले. बदकंसुद्धा जरा अवघडली असावीत.

मग त्यांनी सांगितलं. भाषण तयार होतं, अगदी होतं. चार रात्री जागून लिहिलं होतं, दीड पान, त्यात हिटलरला रावणापासून औरंगजेबापर्यंत सगळ्यांच्या रांगेत बसवला होता. पण ऐन वेळी दिवे लागले, पागोट्याचा टॉवेल डोळ्यांवर घसरला, आणि समोर नाझी म्हणून जो उभा होता तो मुळात गायकमंडळीतला एक मवाळ बेकर होता. त्यानं सकाळीच आपल्या डब्यातला अर्धा केक आजोबांना दिला होता. त्याला रावण कसं म्हणायचं? डोकं कोरं झालं. डायरेक्टर मागून ओरडला, काहीही बोल, तुझ्या भाषेत काहीही, पण त्याला घाबरव.

“आता मला सांग,” आजोबा म्हणाले, “मी जन्मात कशाला घाबरलो होतो? वाघ मी पाहिला नव्हता. हिटलर मी पाहिला नव्हता. मी औटकीला घाबरलो होतो. मास्तर छडी घेऊन समोर उभे, आणि सातव्या औटाला माझी जीभ लुळी. भीती म्हटल्यावर तेच बाहेर आलं.”

डायरेक्टर खूश झाला. ‘आउट’ कुठून सुचलं रे, म्हणून पाठ थोपटली. कात्रण आलं. पद्माकरची पत्रं आली. आणि एक दिवस हॅट घातलेला एक सरकारी माणूस खोलीवर आला. हे आउट तू नक्की कोणाला म्हणालास, जर्मनांना की आम्हाला? आजोबांनी त्याला खरं ते सांगितलं. साहेब, हा साडेतीनचा पाढा आहे. त्या माणसानं वहीत लिहिलं, मान वर केली आणि म्हणाला, साडेतीनचा पाढा जगात कोणी करत नाही.

“मी म्हटलं, आमच्याकडे शहाणे साडेतीन, मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन. आम्ही पाढा करणार नाही तर कोण करणार? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला वेडा बनवतोय. सहा महिने माझी पत्रं फोडून वाचली त्यांनी.” आजोबा स्वतःशी हसले. “खरं बोललो त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेना. जे खोटं मी बोललोच नव्हतो, ते सगळ्यांना पटलं होतं. म्हटलं, राहू दे.”

इथवर गंमत होती. तनू हसतच म्हणाली, मग आता सांगून टाकू या ना, लोक पोट धरून हसतील. आजोबा हसले नाहीत. त्यांनी बग्गीतल्या अक्षराचा मोजा वर ओढला.

कबीर नऊ वर्षांचा असताना एकदा शाळेतून ब्लेझरची बाही फाडून घेऊन आला होता. तीन पोरांनी त्याला मैदानात धरून, तुझ्या रंगाची माणसं आमच्या देशात कशाला, असं विचारलं होतं. तो आजोबांना विचारत होता, कशाला? त्याचे आईबाप कामावर. घरात आजोबा एकटे.

“त्याला तेव्हा काहीतरी द्यायला हवं होतं गं. माझ्याकडे एवढंच होतं. म्हटलं, जा आणि सांग त्यांना, माझ्या आजोबांनी हिटलरला आउट म्हटलंय. तुमच्या आजोबांनी काय केलं?” त्यांनी मोजा पुन्हा वर ओढला, तो मुळात वरच होता. “आज तो पोर इतिहास शिकवतो. त्याचा इतिहास तिथून सुरू होतो, तनू.”

मंडळातल्या लोकांनी ओळखलं तर, हे तिनं विचारून पाहिलं. आजोबांनी त्याचाही विचार केला होता. आवाज खरखरीत, वर ट्रंपेट, आणि मंडळातली तुमची पिढी इंग्लिश मीडियमची. खाली जे लिहिलेलं असेल तेच लोकांना ऐकू येतं. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. मूळ भाषण. दीड पान. साठ वर्षांपूर्वीची शाई, घडीवर चिकटपट्टी.

“हे घाल,” ते म्हणाले. “हे मी म्हणणारच होतो. नुसतं तोंडातून आलं नाही.”

पुढचे दोन आठवडे तनूच्या घरी दुपारी एक नवीन व्यवस्था सुरू झाली. अक्षराला नेमका तेव्हाच दात येऊ लागला आणि तिनं दुपारची झोप सोडून दिली. त्यामुळे आजोबा जेवून यायचे, तिला मांडीवर घ्यायचे, आणि तनू टेबलाशी बसून भाषणाला कात्री लावायची. सबटायटलचा नियम कडक: एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीसच्या आसपास अक्षरं, आणि चाळीस सेकंदांत जेमतेम आठ वेळा. दीड पान त्यात बसवायचं म्हणजे हत्तीला मोज्यात बसवायचं.

पहिल्या दिवशी औरंगजेब गेला. आजोबांनी तो मोठ्या मनानं दिला. दुसऱ्या दिवशी रावण जाऊ लागला, तेव्हा वाद झाला. रावण नसेल तर भाषणाला कणा काय राहिला, असं आजोबांचं म्हणणं. रावण कोण हे दोन ओळींत इंग्लिशमध्ये सांगताना नाझी दाराबाहेर पोचलेला असतो, असं तनूचं. तिसऱ्या दिवशी ‘मानवतेच्या वेदीवर’ गेलं. चौथ्या दिवशी ‘हे नराधमा’ एवढं उरलं आणि त्यालाही नेमका शब्द सापडेना. जे उरलं होतं ते वाचलं, की कुठल्याही भाषणासारखं वाटायचं. सिनेमात टोपी काढून बोलणाऱ्या सातव्या माणसासारखं. तनूला ते दिसत होतं. आजोबांनाही दिसत असावं.

आणि या सगळ्या वेळात, मांडीवरची अक्षरा दातानं कळवळून रडायला लागली, की आजोबा तिला पायावर झुलवत हळू आवाजात म्हणायचे, “एक औट औट... दोन औट सात...” पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं नाही. अक्षरा मात्र थांबली. ठेका तिला आवडला. तिसऱ्या दिवसापासून ‘औट’ आलं की ती हात वर करायला लागली. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्यानं एका पोराची गाळण उडवली होती, तो पाढा हिच्यासाठी अंगाई झाला होता. पंधरा औटांपर्यंत डोळे जड, वीस औटांना मान कलंडलेली.

सबटायटल्स द्यायच्या गुरुवारी दुपारी असंच चाललं होतं. अक्षरा झोपेच्या काठावर, तनूच्या पडद्यावर शेवटची आठ कार्डं तयार, आणि आजोबा डोळे मिटून, नकळत आवाज चढवत, “पाच औट साडेसतरा, सहा औट एकवीस...”

दाराची बेल वाजणार नव्हती, चिठ्ठी होती. दार नुसतं लोटलेलं होतं. कबीर आत आला होता. हातात पोस्टरांची गुंडाळी, वरच्या पोस्टरवर लाल अक्षरांत ‘आउट! आउट!’. त्यानं ते चाळीस सेकंद दोनशे वेळा तरी ऐकले असतील. अर्थ येत नव्हता, पण चाल तोंडपाठ होती.

“आजोबा,” तो हळूच म्हणाला, “तू बेबीला आउट का म्हणतो?”

आजोबांनी डोळे उघडले. तनूला वाटलं, आपण काहीतरी पटकन म्हणावं. आणि तिला एकही भाषा आठवेना.

मग आजोबांनीच सांगितलं. मराठीत सुरू केलं, अर्ध्यात इंग्लिशवर गेले, कारण हे नातवाला नीट कळायला हवं होतं. पाढा. मास्तर. बेकर आणि केक. फाटकी बाहीसुद्धा. बोलताना ते अक्षराच्या पाठीवर थोपटत राहिले, आणि त्यामुळे त्यांचा आवाज एकसारखा राहिला.

कबीरनं पोस्टरं टेबलावर ठेवली आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. तो सिंकमधल्या दुधाच्या बाटल्या धुवत होता. एक, दोन, तीन. तिसरी मुळात धुतलेलीच होती. आजोबा भिंतीकडे बघत होते. तनूनं त्या दीड पानाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

हात पुसत कबीर दारात आला.

“मी त्याच्यावरून त्या तिघातला गॅरेथला पंच मारला होता,” तो म्हणाला. “सेकंड डे. त्याचं नाक तुटला.”

“हं,” आजोबा म्हणाले. “मला मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली होती.”

“साडेतीनसाठी.”

“हो.”

कबीरच्या तोंडाचा एक कोपरा हलला. तो आवरायचा त्यानं फार प्रयत्न केला, पण ते हसू आजोबांकडूनच आलेलं होतं, त्याला आवर नव्हता. तो जमिनीवर बसला आणि हसत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत; त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं होतं असं नाही. मग त्यानं विचारलं, की हा पाढा कुठपर्यंत जातो. शंभरापर्यंत, आजोबा म्हणाले. पण फिल्ममध्ये तू सेव्हनला थांबतो, कबीर म्हणाला.

“आठव्याला तो दारातून गेलेला होता,” आजोबा म्हणाले. “मग म्हणू कोणाला?”

कबीरनं तनूच्या पडद्यावरची आठ कार्डं वाचली. स्वातंत्र्य, मानवता, जुलमी सत्ता. तो इतिहासाचा मास्तर होता, असली वाक्यं त्यानं पोत्यानं वाचली होती. तो आजोबांकडे वळला. आजोबा मांडीवरच्या अक्षराकडे बघत होते.

“लिही गं तनू,” ते म्हणाले. “पाढाच लिही. नाहीतर ही पोरगी मोठी होऊन मला खोटं पाडेल.”

संध्याकाळी साकेत येईपर्यंत तनूनं आठ कार्डं पुसून सात नवी केली. सोपं नव्हतं. औट एवढ्याशा अक्षरांत आपल्याकडे जे बसतं, त्याला इंग्लिशमध्ये चार शब्द लागत होते. पण ओळीत बसलं. आठव्यांदा वाचताना तिला कुकरच्या शिटीनंतर पहिल्यांदाच वाटलं, की हे वाक्य माझं आहे.

शनिवारी आर्ट्स सेंटर भरलं होतं. पोस्टर बदलायला वेळ नव्हता; ‘आउट! आउट!’ दारावर तसंच लाल. कबीरनं भाषण मात्र बदललं. पुढे येऊन त्यानं एवढंच सांगितलं, की माझे आजोबा तिथे बसलेत, त्यांच्याबद्दल मी लहानपणापासून जे सांगत आलो ते थोडं चुकीचं होतं, आणि जे बरोबर आहे ते तुम्हाला खाली वाचायला मिळेल. आजोबा पहिल्या रांगेत, मफलर दोनदा गुंडाळून. शेजारी तनू, मांडीवर अक्षरा. आजोबांची बोटं मफलरच्या टोकाला पीळ देत होती. तनूनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

लीकच्या वाफ्यावर लोक हसले, शेळीच्या राष्ट्रगीतावर हसले, बटाट्यांच्या भाषणावर जरा चुळबुळले. मग तंबू आला, ट्रंपेट आलं, टॉवेलचं पागोटं आलं. स्वामीनं बोट रोखलं. “एक औट औट!” आणि खाली पांढऱ्या अक्षरांत उमटलं: ‘वन टाइम्स थ्री अँड अ हाफ इज थ्री अँड अ हाफ.’

अर्धं मिनिट गेलं असं तनूला वाटलं. प्रत्यक्षात दुसरं कार्ड यायला चार सेकंद लागतात. ‘टू टाइम्स थ्री अँड अ हाफ इज सेव्हन.’ नाझी एक पाऊल मागे सरला. मागच्या रांगेतून एका वेल्श बाईच्या घशातून काहीतरी फुटलं. ‘थ्री टाइम्स’ येईपर्यंत सगळं थिएटर गेलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होती. मंडळातल्या सुनीतीताईंनी तर चष्मा काढून तो कोणाच्या तरी पर्सवर पुसला. बिचारा नाझी मात्र साडेसतराला घामाघूम, एकविसाला गुडघे लटपटत, आणि साडेचोवीसला धडपडत दाराबाहेर. अक्षरा प्रत्येक औटाला हात वर करत होती.

तनूनं हळूच डावीकडे पाहिलं. आजोबा पडद्यावरच्या तेवीस वर्षांच्या पोराकडे बघत होते, जसं एखाद्या धिटुकल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं. मफलरचा पीळ सुटला होता.

पडद्यावर दार बंद झालं. हसणं ओसरलं, लोक श्वास घेत होते, आणि त्या एका शांत क्षणात पहिल्या रांगेतून शहाऐंशी वर्षांचा आवाज खणखणीत आला.

“आठ औट अठ्ठावीस.”

थिएटरमध्ये पुन्हा खसखस पिकली. तेवढ्यात मागून, प्रोजेक्टरच्या बाजूनं, कबीर उभा राहून ओरडला, “नऊ औट साडेतीस!”

आजोबा खुर्चीत अर्धे वळले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण इस्लामपूरच्या शाळेची छडी त्यांच्या आवाजात सरळ उभी होती.

“साडेएकतीस, गाढवा. पुन्हा पहिल्यापासून म्हण.”